कौसाचा ताप

पहिली उलटी काळी होती, काकवीसारखी. दुसरी लालभडक. कौसा ओट्यावर बसून वालाच्या शेंगा मोडत होती, सकाळचं ऊन नुकतं भिंतीवर आलं होतं, आणि ती एकदम पुढे वाकली. शेंगांची टोपली, तिचं लुगडं, माझे पाय, सगळं भरलं. मी तिला मागून धरलं. तिनं माझा हात झटकला. "हात नको लावू, बाई. वंगाळ रक्त हाये ते," म्हणाली. मी म्हटलं, "गप बस." त्यावर ती गप्पच बसली. तिचा मुलगा विलास गाडी घेऊन आला, आम्ही तिला देऊळघाटहून बुलडाण्याला नेलं. दवाखान्यात दुपारपर्यंत होती. औरंगाबादला न्यायची गाडी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी बाहेर बाकावर बसले होते. माझ्या पायांवर ते रक्त वाळलेलं होतं आणि धुवायला उठावं असं वाटत नव्हतं.

कौसा म्हणजे कौसल्या, माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन आता दोन महिने होत आले. लोक मला अजून तिच्याबद्दल सांगायला येतात, की फार गरीब बाई, कधी कोणाला उलट बोलली नाही. मी ऐकून घेते. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

माझ्या मागून दोन वर्षांनी ती या घरात आली. तेव्हा महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते आणि आमचे सासरे अजून नागपूरलाच सरकार आहे असं धरून बोलत. घरचा मळा पैनगंगेच्या काठाला. वांगी, मेथी, कांदा, मिरची. माल काढायचा, पहाटे बैलगाडीत भरायचा आणि बुलडाण्याच्या बाजारात नेऊन विकायचा. बाजारात भाव मी बोलायची, मांडणी कौसा करायची. गिऱ्हाईक वांगी चिवडायला लागलं की मी त्याचा हात धरायची. ती मान खाली घालून हसायची आणि चिवडलेली वांगी पुन्हा नीट रचायची. मला ती "बाई, तुमी" म्हणायची. मी तिला सरळ कौसा. भांडण आमच्यात झालं नाही, कारण भांडायला दोघी लागतात.

उन्हाळ्यात कांदा काढून झाला की गावातल्या बायका ताकदीची सुई घेत. ती आमच्याकडे रीतच पडली होती. पाच-सहा आठवडे वाकून कांदा उपटायचा, पाती कापायची, मग अंगात जीव राहत नसे. बुलडाण्याहून एक कंपाउंडर सायकलवर यायचा आणि चावडीच्या ओट्यावर स्टो पेटवून बसायचा. डब्यात काचेची पिचकारी आणि सुई उकळायची ती सकाळी एकदाच. मग बायकांची रांग लागायची आणि दोघींच्या मध्ये तो सुई कापसानं पुसायचा. कापसाला स्पिरिटचा वास यायचा आणि त्या वासानंच अर्धं बरं वाटायला लागायचं. त्या वर्षी कौसा पहिल्यांदा रांगेत उभी होती. घाबरली होती, माझा पदर धरून ठेवला होता. मी तिच्या पुढे होते, मला टोचली. मग तिला टोचली, त्याच सुईनं. कोणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. उलट आपला नंबर लवकर लागला याचं बरं वाटलं.

पुढे महिना-दीड महिन्यानं मी पिवळी पडले. आधी जेवण जाईना, मग लघवी लाल, मग डोळे. अंगाला अशी खाज की नखांनी रक्त काढलं. त्या काळी कावीळ झाली की डॉक्टर कोणी बघत नसे, झाडणारा बघायचा. मलाही नेलं. त्यानं माझे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांनी "उतरली, उतरली" म्हटलं. माझ्या डोक्यावर काड्यांची माळ घातली. ती वाढत वाढत गळ्यातून खाली उतरते आणि तशी कावीळ उतरते, असं म्हणत. माळ कमरेपर्यंत आली तरी मी पिवळीच. मला उठवत नव्हतं. सासूबाई शेजारणीला दारात सांगत होत्या, "थोरली काई राहत नाही आता. पोराले दुसरी पाह्यला लागीन." मी आत गोधडीवर पडून ऐकलं. कान चांगले होते माझे.

काविळीला हळद चालत नाही, तेल चालत नाही. पिवळं काहीच नाही. माझ्यासाठी कौसा बिनहळदीचं, बिनफोडणीचं वरण वेगळं करायची आणि तेच स्वतःही खायची. मी म्हटलं, "तुले काय झालं मरायले? तू खाय ना तिखट." तर म्हणाली, "तुमी येकल्या काऊन खाता आळणी? दोघी खाऊ." तिलाही त्या दिवसांत थोडा थकवा आला होता, चार-दोन दिवस मळमळलं, म्हणून बसली, मग उठून कामाला लागली. ती पिवळी झाली नाही. माझ्या अंगावर हात ठेवून बसायची. ताप चढला की अंगावरचं पांघरूण काढायची, थंडी वाजली की परत घालायची. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच कोणाजवळ. पावसाळा संपता संपता मी उठले. गावात बोलत, थोरली काडी आहे, धाकटी लोखंडाची. मलाही तसंच वाटायचं. पुढची चाळीसेक वर्षं आम्ही दोघी तसंच समजून चाललो.

त्या चाळीस वर्षांचं काय सांगायचं... पोरं झाली, सासू-सासरे गेले, मळा वाटला गेला, घराच्या मध्ये भिंत घातली. मग दोघींचे नवरे गेले, आधी तिचा, मग माझा. माझ्या दोन मुली, एक जालन्याकडे दिली, एक मलकापूरला. तिचा विलास बुलडाण्यात मोटारी भरायचं दुकान चालवतो, म्हणजे विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. देऊळघाटला भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती.

मग तिला डोळ्यांनी दिसेना. मोतीबिंदू म्हणाले. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, ते तपासलं आणि ऑपरेशन थांबवलं. विलासला बाजूला घेऊन सांगितलं की आईच्या रक्तात काविळीचा एक जंतू आहे, सी नावाचा, बरीच वर्षं आहे, लिव्हरला धरून बसला आहे. कौसा मला म्हणाली, "बाई, कावीळ तं तुमाले झाली होती. यायनं कागद बदलले वाट्टे." मलाही तसंच वाटलं. म्हणून औरंगाबादच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा मीही गेले आणि त्यांना म्हटलं, माझंही रक्त घ्या.

डॉक्टर तरुण होता, पण घाईत नव्हता. दोघींचे कागद समोर ठेवून त्यानं आम्हाला बसवलं. मला म्हणाला, "आजी, तुमच्या रक्तात या जंतूच्या खुणा आहेत. पण जंतू नाही. तुमच्या शरीरानं तो त्याच वेळी हाकलून दिला." मी म्हटलं, "मी तं मरून राह्यली होती तेव्हा." तो म्हणाला, "तीच लढाई होती. जंतू स्वतः फारसं काही करत नाही. शरीर त्याला शोधून मारायला जातं, त्यात लिव्हरच्या पेशी मरतात, म्हणून माणूस पिवळं पडतं. तुमचं शरीर जोरात भांडलं. यांचं शरीर नीट भांडलंच नाही. म्हणून या पिवळ्या झाल्या नाहीत, आणि जंतू राहून गेला." मी सुईचं विचारलं. तो म्हणाला, असेल, नसेलही, इतक्या वर्षांनी कोणी सांगू शकत नाही.

कौसा ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे डॉक्टर, मी घरातबी गरीब अन् आतूनबी गरीबच निंगाली?" डॉक्टर हसला. मी त्याला विचारून घेतलं, भांडखोर माणसाचं रक्त भांडखोर असतं काय. तो म्हणाला, तसं काही नसतं, स्वभावाचा काही संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहिते. लोकांना अशा गोष्टी आवडतात आणि मग ते गावभर सांगत फिरतात.

उपचार होता. आठवड्याला एक इंजेक्शन पोटावर, आणि रोज गोळ्या, जवळजवळ वर्षभर. डॉक्टरनं तिला समजेल असं सांगितलं. "मावशी, तुमच्या शरीराचा राखणदार झोपला आहे. हे इंजेक्शन म्हणजे त्याला हाक. तो उठला की ताप येईल, अंग दुखेल, थंडी वाजेल. घाबरायचं नाही. तापाची गोळी देतो, ती घ्यायची." खर्च मोठा होता. विलासनं तो केला, त्याबद्दल तो कधी बोलला नाही आणि मीही बोलत नाही.

आम्ही दोघी दर आठवड्याला एसटीनं बुलडाण्याला जायचो, तिथल्या दवाखान्यात नर्स इंजेक्शन द्यायची, आणि परत यायचो. दिवे लागायच्या वेळेला तिला हुडहुडी भरायची. दात वाजायचे. तिच्या अंगावर दोन गोधड्या, त्यावर माझी एक, तरी खाट हालायची. मग अंग तापायचं, तव्यासारखं. मी कपाळावर ओलं फडकं ठेवायची. मी पहिल्या आठवड्यात तिच्यासाठी बिनहळदीचं वरण केलं, सवयीनं. डॉक्टरला सांगितलं तर म्हणाला, "आजी, त्यांना सगळं खाऊ द्या. हळदीनं काही होत नाही." म्हणजे मी तेव्हा पूर्ण पावसाळा आळणी खाल्लं ते कशासाठी? आणि तिनं तरी...? पण आता तिला तिखट दिलं तरी तिला चव नव्हती. सगळं पत्र्यासारखं लागतं म्हणायची. केस गळाले. वेणी राहिली ती उंदराच्या शेपटीएवढी. रक्त उतरलं, विहिरीवर जाऊन आली तरी धाप लागायची.

आणि ती भांडायला लागली. डॉक्टरनं सांगितलं होतं की या औषधानं माणूस चिडतं, रडतं, नीट लक्ष ठेवा. पण कौसा चिडेल हे मला खरं वाटलं नव्हतं. एका दुपारी मी तिच्याकडे मेथी निवडत होते. ती खाटेवरून माझ्याकडे बघत होती. एकदम म्हणाली, "जाडी जाडी काडी ठेवून राह्यली तू. मी ठेवली असती तं आतापर्यंत बोलली असती." तू म्हणाली मला. आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, "काय म्हणली?" "आयकू येत नाही काय? चाळीस वर्सं मी मांडणीच करू काय बजारात? भाव मले सांगता येत नव्हता?" "येत होता तं सांगायचा. तोंड कोणं धरलं होतं तुयं?" "तूच धरलं होतं!" मग तिनं एकेक काढलं. वाटणीत मोठा हंडा मी घेतला. तिचं पहिलं बाळ गेलं तेव्हा मी तिसऱ्या दिवशी तिला कामाला बोलावलं. तिच्या माहेरचं लुगडं मी नेसून फाडलं. एवढं सगळं तिच्या ध्यानात होतं, तारखेवार नाही पण जागच्या जागी. मी म्हटलं, "औषध बोलून राह्यलं तुयं." ती म्हणाली, "औषधाले काय मालूम हंड्याचं?"

मी मेथी उचलून भिंतीच्या अलीकडे आले. संध्याकाळी तिला थंडी भरली तेव्हा परत गेले. ती रडत होती. म्हणाली, "बोलली मी. पण खोटं नाही बोलली." मी म्हटलं, "मी कुठं म्हणते खोटं?" त्यानंतर ती मला तूच म्हणत राहिली, औषध संपल्यावरही. मला ते वाईट वाटलं नाही. खरं तर चाळीस वर्षांत मला तेव्हा कुठं जाऊ मिळाली.

उपचाराला चार-पाच महिने झाले असतील. आमच्या आळीतली शांताबाई मला विहिरीवर म्हणाली, "तुमच्या कौसाबाईच्या गोळीचा मोठा गुण हाये, बापा. डोकं दुखत होतं, घेतली का बसलं." मी विचारलं, कोणती गोळी? पांढरी, लांबट. घरी येऊन बघितलं तर कौसाच्या तापाच्या गोळ्या अर्ध्या आळीनं खाल्ल्या होत्या. कोणाचं डोकं, कोणाचे गुडघे, कोणाच्या पोराचा ताप. तिनं स्वतः एक घेतलेली नव्हती. मी तिच्यासमोर रिकामं पाकीट धरलं. "हे काय?" ती निवांत होती. "डॉक्टर काय म्हणला, ध्यानात हाये ना? ताप म्हणजे राखणदार उठला. मंग त्याले गोळी देऊन झोपोयाचं कायले? येवढे पैसे देऊन उठोलं त्याले."

मला हसू आलं आणि राग आला, दोन्ही. दर आठवड्याला ती बाई अशी जळत होती, आणि मी फडकं ठेवत होते, आणि ती मुद्दाम जळत होती. मी म्हटलं, "मुर्दाड. डॉक्टरनंच देल्ली ना गोळी?" "डॉक्टरले दया येते. मले लोकायसारखं बरं व्हायचं नाही. मले सप्पा, पुरतं बरं व्हायचं हाये." पुढच्या वेळी औरंगाबादला गेलो तेव्हा मी डॉक्टरला तिच्या देखत विचारलं. तो आधी चकित झाला. मग त्यानं पुन्हा समजावलं, की ताप हा हाकेचा आवाज आहे, राखणदार नव्हे. आवाज बंद केला तरी काम चालूच राहतं. कोणाला फार ताप येतो आणि जंतू जात नाही, कोणाला मुळीच येत नाही आणि जातो. तापाचा आणि जंतूचा असा मेळ लागत नाही. तिच्या अंगातलं रक्त इतकं उतरलं होतं की असा ताप काढणं धोक्याचं होतं. कौसा मान हलवत होती. ती मान मी ओळखत होते. बाजारात गिऱ्हाइकाला अशीच हलवायची, आणि द्यायचं तेच वांगं द्यायची.

म्हणून मी ते माझ्याकडे घेतलं. इंजेक्शन घेऊन घरी आलो की गोळी मी माझ्या हातानं तिच्या तोंडात घालायची आणि पाणी पाजायची. "तोंड उघड." "राक्षसीण हाये तू." "उघड. आता जीभ वर कर." पोराला पाहतात तसं मी पाहायची. ताप कमी झाला, ती थोडं खायला लागली, उपचार पुरा करू शकली. गोळी दिली नसती तर तो अर्ध्यावर सुटला असता असं डॉक्टर म्हणाला. मीही तेच म्हणते. आजही ती वेळ आली तर मी तिचं तोंड उघडीन.

वर्ष संपलं. रक्त तपासलं, जंतू दिसला नाही. विलासनं पेढे आणले. कौसाचं डोळ्याचं ऑपरेशनही उरकलं. पट्टी काढली तेव्हा मी समोर होते. तिनं मला वरून खालून पाहिलं आणि म्हणाली, "अवं माय! किती बुढी झाली वं तू!" नर्स हसून हसून भिंतीला टेकली. केस परत यायला लागले, बारीक, कुरळे, लहान पोरीसारखे. ती पुन्हा बाजारात गेली. मी सोबत गेले होते, पण मांडणी मी केली. भाव तिनं सांगितला. तिला काही फार चांगला सांगता येत नव्हता, हेही लिहून टाकते. पहिल्याच गिऱ्हाइकाला निम्म्यात दिली मिरची. मी उरलेली मिरची पुन्हा नीट रचली.

डॉक्टरनं सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं होतं. म्हणाला होता, खरं तेव्हा कळेल. तेव्हा कळलं. जंतू परत आला होता. उपचार चालू होता तोवर तो दबून राहिला आणि औषध थांबल्यावर कुठून तरी पुन्हा वर आला. काही लोकांच्या बाबतीत असं होतं, डॉक्टर म्हणाला, का होतं ते नीट सांगता येत नाही. दुसऱ्यांदा इंजेक्शनं देण्याइतकं तिचं रक्त राहिलं नव्हतं. विलास खाली बघत बसला. कौसा उठली, डॉक्टरला नमस्कार केला, आणि बाहेर आली.

विलासला औरंगाबादेत दुकानाचं सामान घ्यायचं होतं, म्हणून तो मागे राहिला आणि आम्ही दोघी एसटीनं निघालो. ती खिडकीशी होती. देऊळगाव राजा मागे पडलं. मग खिडकीकडेच बघत म्हणाली, "झोपोलं आपण त्याले." मी विचारलं, कोणाला? "राखणदाराले. गोळ्या देऊन देऊन. तो उठत होता अन् तू मले गोळी घालत होती." मी म्हटलं, "डॉक्टर नाही म्हणते ना तसं. तुह्या समोर सांगतलं त्यानं." ती म्हणाली, "डॉक्टरले काय मालूम? ताप मले येत होता." रागानं नाही म्हणाली. पाऊस येईल असं सांगतात तसं म्हणाली. मला ते जास्त लागलं. चिडली असती तर मी औषधावर ढकललं असतं. पण आता औषध नव्हतं. बोलत होती ती कौसाच होती.

त्यानंतर ती बरीच वर्षं होती. पाय सुजायचे, पोटात पाणी व्हायचं, ते काढून यायचो. घशाखालच्या शिरा फुगल्या होत्या, त्या फुटून रक्त जाऊ नये म्हणून त्यांना एकदा रबर बांधून आणले. डॉक्टर शेवटच्या भेटीत म्हणाला की आता नुसत्या गोळ्यांनी बरं करणारी औषधं निघाली आहेत, ना इंजेक्शन, ना ताप, इकडे यायला थोडा वेळ लागेल. कौसानं मला कोपरानं ढोसलं. "आयक. बिना तापाचं." मी म्हटलं, "मंग? मी काय सांगत होती?" ती हसली. तिला पटलं नव्हतं.

जाण्याच्या आधी चार-आठ दिवस असेल, मी तिला सरळच विचारलं. मला आडून विचारता येत नाही. म्हटलं, "कौसा, तू अजून मायावर धरून हायेस काय, त्या गोळ्यायचं?" ती भिंतीला टेकून बसली होती. विचार केला तिनं. म्हणाली, "धरून नाही. तू मायी सख्खी हाये. पण खरं ते खरं, बाई. तुयं आंग भांडत होतं तवा तुले कोणं गोळी देल्ली नाही. मी निस्ती बसून राह्यली तुह्याजवळ... अन् तू उठली."

उत्तर आहे माझ्याजवळ, डॉक्टरनं दोनदा दिलेलं आहे, आणि ते बरोबर आहे. मी तिच्या गोळीनं मेलेली नाही असं... म्हणजे ती माझ्या गोळीनं मेलेली नाही. हे मला चांगलं कळतं. पण ती तसं मानून गेली, आणि आता तिला पटवायची सोय राहिली नाही. लोक म्हणतात, माणूस गेलं की सगळं मिटतं. मिटत नाही. भांडणाला दोघी लागतात आणि मिटवायलाही दोघी लागतात.

विलासनं मला बुलडाण्याला राहायला बोलावलं. मी गेले नाही. मुलीही बोलावतात. इथं निदान माझं मला सगळं सापडतं. भिंतीपलीकडच्या घराची किल्ली विलासनं माझ्याकडे दिली आहे. मी दिवसाआड जाऊन झाडून येते. खाट तशीच आहे, खाटेची दोरी मधोमध खोल गेलेली, तिच्या मापाची. तिथं मी बसत नाही. तिला एक वाईट खोड होती. दुपारी जेवण झालं, भांडी झाली, आणि माझा डोळा लागायला आला की ती भिंतीवर पळीनं ठोकायची आणि ओरडायची, "बाई, झोपली काय?" झोपलेल्या माणसाला असं कोणी विचारतं काय? मी म्हणायची, "हाव, झोपली." "मंग बोलते कशी?" आणि एकटीच हसायची. रोज, तेच. मी तिला कितीदा सांगितलं, माझी झोपमोड होते. आता कोणी ठोकत नाही. मी दुपारी आडवी होते आणि भिंत पाहते. झोप चांगली लागते, सलग लागते, कधी कधी दिवेलागणीपर्यंत. उठल्यावर थोडा वेळ कळत नाही की सकाळ आहे की संध्याकाळ, आणि विचारायला कोणी नाही.

त्या उन्हाळ्यात एका सुईनं टोचून घेतलेल्या आम्ही दोघी. कौसल्या गेली. मी आहे.